श्वास मोजणारे मणी

महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेस, वैनगंगेच्या पैलतीरी, गडचिरोली जिल्हा पसरलेला आहे. पूर्वी हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. साग, बांबू, मोह आणि तेंदू यांच्या अरण्याने जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग व्यापलेला आहे. दक्षिणेकडे प्राणहिता आणि गोदावरी, तर पूर्वेकडे इंद्रावती वाहते. या रानात गोंड आणि माडिया लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. पावसाळ्यात ओढेनाले दुथडी भरून वाहू लागले, की भामरागडसारख्या दूरच्या भागातील गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध काही दिवस तुटून जातो.

अरण्याचे हे रूप पाहुण्याला मोहक वाटते. परंतु ज्या घरात तान्हे मूल आजारी पडले आहे, त्या घराला हेच अंतर भयंकर वाटते. गावात डॉक्टर नाही, दवाखाना कित्येक कोस दूर, वाटेत नदी आणि आजार तर तासातासाने वाढत चाललेला! गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात या प्रदेशात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी शंभराहून अधिक बालके पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वीच दगावत असत. घरोघरी हे दुःख होते; म्हणून ते जणू नशिबाचाच भाग मानले जात होते.

हे नशीब नव्हे, याला कारणे आहेत आणि कारणे शोधता आली तर उपायही शोधता येतील, अशा दृष्टीने या प्रश्नाकडे पाहणारे एक डॉक्टर दांपत्य १९८६ साली गडचिरोलीस येऊन राहिले. त्यांची नावे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग. अभय बंग वर्ध्याच्या गांधीवादी वातावरणात वाढले, तर राणी बंग यांचा जन्म चंद्रपूरचा. दोघांनीही नागपूरला वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तेथील शिक्षण संपवून १९८४ साली ते मायदेशी परतले. गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. ‘सर्च’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ शोध असा आहे आणि संस्थेचे कार्यही नावाप्रमाणेच शोधाचे होते.

वैद्यकीय संशोधन म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर मोठी प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या आणि सूक्ष्मदर्शक यंत्रे उभी राहतात. तसे संशोधन आवश्यक आहेच. परंतु संशोधनाचा आणखी एक प्रकार आहे. त्याची प्रयोगशाळा म्हणजे गाव, आणि त्याचे पहिले साधन म्हणजे मोजणी. किती मुले जन्मली? किती दगावली? कोणत्या वयात आणि कोणत्या आजाराने? या प्रश्नांची खरी उत्तरे मिळाल्यावाचून उपाय करणे म्हणजे अंधारात बाण मारण्यासारखे आहे. म्हणून बंग दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरावर गावे निवडून तेथील जन्म आणि मृत्यू काटेकोरपणे नोंदवण्यास प्रारंभ केला. त्या नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट झाली. लहान मुलांच्या मृत्यूंचे एक फार मोठे कारण न्यूमोनिया हे होते.

न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसांचा दाह. विदर्भातील खेड्यांत त्याला ‘डब्बा’ असेही म्हणतात. आपल्या फुप्फुसांत अतिसूक्ष्म असे असंख्य वायुकोश असतात. श्वासाबरोबर आत आलेल्या हवेतील प्राणवायू येथेच रक्तात मिसळतो. रोगजंतूंमुळे या वायुकोशांत द्रव साचला, की रक्ताला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. मग ती उणीव भरून काढण्यासाठी शरीर भराभर श्वास घेऊ लागते. मोठ्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने छातीचे चित्र घेऊन हा रोग ओळखता येतो. पण जेथे वीजच पोचलेली नाही, तेथे क्ष-किरण यंत्र कोठून येणार? सुदैवाने शरीर स्वतःच खूण करीत असते. ती खूण म्हणजे श्वासाचा वेग. खोकला झालेले मूल एका मिनिटात किती श्वास घेते, एवढे अचूक मोजता आले, तर न्यूमोनियाची शंका बऱ्याच खात्रीने घेता येते. दोन महिन्यांपेक्षा लहान बालकाने मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेतले, अथवा त्याहून मोठ्या बालकाने पन्नास किंवा अधिक घेतले, तर ते धोक्याचे लक्षण समजावे, असे तेव्हा ठरवण्यात आले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणे एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा चाळीस श्वासांची आहे.

श्वास मोजणे ऐकावयास सोपे वाटते. तथापि येथे एक अडचण उभी राहिली. खेड्यातील बाळंतपणे गावच्या सुईणी करीत असत. आजारी तान्ह्या मुलाजवळ सर्वांत आधी पोचणारी बाई तीच. या सुईणी अनुभवी आणि लोकांच्या विश्वासातील होत्या. परंतु त्यांपैकी पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती, आणि अनेकींना दहाबाराच्या पुढे मोजता येत नव्हते. मनगटी घड्याळ कोणाकडेच नव्हते. ज्या बाईला बारापर्यंतच अंक ठाऊक आहेत, तिने साठ श्वास कसे मोजावे?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून ‘श्वासमापक’ नावाचे एक साधे उपकरण तयार झाले. त्यात एक वाळूचे घड्याळ होते. त्यातील वाळू बरोबर एका मिनिटात वरून खाली येई. शेजारी मण्यांच्या दोन ओळी होत्या. एक ओळ दोन महिन्यांहून लहान बाळांसाठी आणि दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. प्रत्येक ओळीत शेवटचा मणी तांबडा होता. सुईणीने वाळूचे घड्याळ उलटे करावे, मुलाच्या छातीकडे पाहत दहा श्वास मोजावे आणि एक मणी सरकवावा. पुन्हा पहिल्यापासून दहा मोजावे आणि दुसरा मणी सरकवावा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकवण्याची वेळ आली, तर मुलाला न्यूमोनिया झाला आहे असे समजून लगेच औषध सुरू करावे. मोठ्या मुलांच्या ओळीत पाचवा मणी तांबडा, म्हणजे पन्नास श्वास. लहान बाळांच्या ओळीत सहावा मणी तांबडा, म्हणजे साठ श्वास. दहापलीकडे मोजण्याची गरजच उरली नाही!

या उपकरणाची किंमत थोडी, पण त्यामागील विचार मोलाचा आहे. सुईणीला अंक येत नाहीत, म्हणून ती अपात्र आहे, असे कोणी ठरवले नाही. तिला जे येत होते, त्याच्या आधारावर साधन घडवले गेले. रोग्याला शहराकडे नेण्याऐवजी ज्ञानालाच रोग्याच्या दारी आणण्याचा हा मार्ग होता.

परंतु मार्ग चांगला वाटणे वेगळे आणि तो चांगला ठरणे वेगळे. उपायाचा गुण खरोखर त्या उपायाचाच आहे, हे कसे सिद्ध करावे? समजा, एका वर्षी पाऊसपाणी उत्तम झाले, पीक चांगले आले आणि मुले कमी आजारी पडली. तर त्याचे श्रेय औषधाला द्यावयाचे की पिकाला? या शंकेचे निरसन करण्याची रीत म्हणजे तुलना. १७४७ साली जेम्स लिंड नावाच्या आरमारी डॉक्टरने सॉल्सबरी या जहाजावर स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निरनिराळा उपाय दिला. ज्या जोडीला संत्री व लिंबे मिळाली, ती झपाट्याने बरी झाली. एकाच जहाजावर, एकाच वेळी, सारखेच अन्न खाणाऱ्या माणसांत हा फरक पडला, म्हणून तो फळांचाच गुण होय हे पटले.

गडचिरोलीतही हीच रीत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ५८ गावांत सुईणी, गावातील आरोग्यसेवक आणि निमवैद्यकीय कार्यकर्ते यांना न्यूमोनिया ओळखण्याचे व त्यावर जंतुनाशक औषध देण्याचे शिक्षण मिळाले. शेजारच्या ४४ गावांत नेहमीच्या सरकारी सेवा पूर्ववत चालू होत्या. दोन्हीकडचे जन्ममृत्यू सारख्याच रीतीने नोंदवले गेले. एका वर्षात ६१२ आजारी मुलांवर उपचार झाले. त्यांच्यापैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी, म्हणजे ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू प्रयोगाच्या गावांत ८.१ होते, तर इतर गावांत १७.५. हा वृत्तांत १९९० साली लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

यानंतर कोणी म्हणेल, की आता कार्य संपले. परंतु मोजणी चालूच होती, आणि मोजणी माणसाला समाधानात राहू देत नाही. जी बालके अजूनही दगावत होती, त्यांतील बहुतेक जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जात होती. हा काळ नवजात अवस्थेचा. या काळात बाळ अतिशय नाजूक असते. त्या काळच्या वैद्यकशास्त्राची समजूत अशी होती, की आजारी नवजात बालकाचा उपचार सुसज्ज रुग्णालयातच होऊ शकतो. गडचिरोलीतील बाळे मात्र घरीच जन्मत होती. कित्येक ठिकाणी बाळंतिणीची खोली अंधारी आणि धुराने भरलेली असे. बाळ मोठे झाले तर प्रसूती अवघड होईल, या समजुतीने गरोदर स्त्रिया पोटभर जेवत नसत. आणि मग बाळ दुबळे जन्मास येई.

१९९५ साली ३९ गावांत नवा प्रयोग सुरू झाला. प्रत्येक गावातून पाच ते दहा इयत्ता शिकलेली एकेक स्त्री निवडण्यात आली. तिला ‘आरोग्यदूत’ असे नाव मिळाले. पहिल्या वर्षी तिचे मुख्य काम निरीक्षणाचे होते. तिने प्रसूतीच्या वेळी हजर राहावे, बाळाचे वजन करावे, पुढे ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळाला पाहावे आणि जे दिसेल ते लिहून ठेवावे. या वर्षात ७६३ नवजात बालकांची नोंद झाली. ती वाचून मन विषण्ण होते. शंभरांतील चाळीसहून अधिक बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज पडली होती. परंतु शंभरांत तीन बाळेसुद्धा डॉक्टरांपर्यंत पोचली नव्हती. बाळे रुग्णालयात जात नाहीत हे उघड होते. मग रुग्णालयातील कौशल्य बाळांच्या घरी जाऊ शकेल काय?

आरोग्यदूत टप्प्याटप्प्याने नवी कौशल्ये शिकत गेल्या. जन्मल्यावर जे बाळ रडत नाही, श्वास घेत नाही, त्याच्या तोंडावर मुखवटा धरून फुप्फुसांत हवा कशी भरावी, हे त्या शिकल्या. दुबळ्या बाळाला उबदार कसे ठेवावे, आईचे दूध लवकरात लवकर कसे पाजावे, आईला काय समजावून सांगावे, हेही शिकल्या. सर्वांत कठीण भाग होता तो जंतुसंसर्ग ओळखण्याचा. नवजात बाळाच्या रक्तात रोगजंतू शिरले, की ते पाहता पाहता कोमेजते. त्याची लक्षणे आईच्या नजरेतून सुटत नाहीत. मात्र त्यांचा अर्थ तिला कळत नाही. बाळ दूध ओढेनासे होते, त्याचे रडणे क्षीण होते, हातपाय लुळे पडतात, अंग थंड पडते किंवा तापते, छाती आत ओढली जाते, पोट फुगते, बेंबीतून पू येतो. अशी दोन किंवा अधिक लक्षणे एकाच वेळी दिसली, की आरोग्यदूत सावध होई. प्रथम ती बाळाला रुग्णालयात नेण्याचा सल्ला देई. आईवडिलांना ते शक्य नसेल, तर त्यांची संमती घेऊन ती घरीच जंतुनाशक औषध आणि इंजेक्शन देई.

गावच्या बाईने तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यावयाचे, ही कल्पनाच त्या काळी अनेक तज्ज्ञांना धक्कादायक वाटली. त्यांची शंका अनाठायी नव्हती. सुईने जखम झाली तर? मात्रा चुकली तर? अशा शंकेला रागाने उत्तर देऊन चालत नाही. तेथे पुरावाच द्यावा लागतो. म्हणून प्रशिक्षण कसून दिले गेले, प्रत्येक भेटीची नोंद ठेवली गेली, ठराविक काळाने कामाची तपासणी झाली आणि दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून जन्ममृत्यूंचे आकडे पडताळण्यात आले. तुलनेसाठी ४७ गावे वेगळी होतीच.

तीन वर्षांनंतर निष्कर्ष हाती आला. प्रयोगापूर्वी आरोग्यदूतांच्या गावांत दर हजार बाळांमागे ६२ नवजात बाळे मरण पावत असत. तिसऱ्या वर्षी हा आकडा २५.५ वर उतरला. तुलनेच्या गावांत तो पूर्वी ५८ होता आणि शेवटी ५९.६, म्हणजे जवळजवळ होता तेथेच राहिला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी पूर्वी शेकडा १६.६ दगावत, उपचारांनंतर शेकडा २.८ दगावू लागली. दर १८ बाळांची घरी काळजी घेतली, की एका बाळाचा मृत्यू टळतो, असा हिशेब निघाला. हे संशोधन १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि रानातील खेड्यांत सिद्ध झालेल्या या पद्धतीची जगभर चर्चा सुरू झाली.

एका ठिकाणी साधलेली गोष्ट दुसरीकडे साधते का, हा पुढचा प्रश्न होता. महाराष्ट्रात आणखी सात ठिकाणी, तसेच उत्तर प्रदेशात आणि बांगलादेशातही नवजात बालकांच्या गृहभेटींचे प्रयोग झाले. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची एकत्रितपणे शिफारस केली. २०११ पासून भारत सरकारने हा कार्यक्रम गावोगावच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवण्यास आरंभ केला. आता बहुतेक प्रसूती रुग्णालयात होतात. तरीही बाळ घरी आल्यावर ‘आशा’ सहा वेळा त्याला पाहण्यास येते. बाळ घरीच जन्मले असेल, तर पहिल्या दिवसाची भेट धरून सात वेळा येते. २०१८ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांना भारत सरकारने पद्मश्री हा किताब देऊन गौरवले.

या संशोधनाचे आणखी एक अंग ध्यानात घेण्याजोगे आहे. संशोधकांनी लोकांना शिकवले, तसेच लोकांकडून ते शिकलेही. आदिवासी लोक रुग्णालयात येण्यास का कचरतात, असे विचारल्यावर कारणे पुढे आली. तेथे सगळीकडे पांढरे कपडे. आणि पांढऱ्या कपड्यात तर मृतदेह गुंडाळतात! तेथे आपला देव नाही, आणि आजारी माणसाजवळ आप्तांना राहूही देत नाहीत. ही भीती हसून उडवून देण्याजोगी नव्हती. म्हणून धानोरा मार्गावर चातगावजवळ ‘शोधग्राम’ वसवताना तेथील रुग्णालय गोंडांच्या गावासारखे बांधण्यात आले. रुग्णांसाठी झोपड्या उभारल्या. रुग्णाबरोबर नातलग राहू लागले. आणि रुग्णालयाला लोकांच्या श्रद्धेची माँ दंतेश्वरी हिचे नाव देण्यात आले. इलाज तोच, औषधे तीच. परंतु दाराशी आलेला माणूस आता निःशंकपणे आत येऊ लागला.

गडचिरोलीचे सारे प्रश्न सुटले आहेत, असे मात्र नव्हे. पावसाळ्यात हिवताप आजही येथे डोके वर काढतो, आणि दूरच्या गावांची वाट अजूनही बिकट आहे. मोजणी म्हणूनच थांबलेली नाही.

घड्याळ समोर ठेवून कोणीही एका मिनिटातील आपले श्वास मोजून पाहावे. शांत बसलेल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाचे ते वीसच्या आसपास भरतील. एरवी ज्यांच्याकडे आपले लक्षही जात नाही, त्या श्वासांच्या मोजणीतून एका अरण्यप्रदेशाने हजारो बालकांना वाचवण्याची वाट शोधून काढली. त्या वाटेवर मोठे यंत्र नव्हते. मूठभर वाळू होती, काही मणी होते, आणि बाळाच्या छातीकडे एक मिनिटभर लक्ष लावून पाहणारी गावातलीच एक बाई होती.